संवेदनशील तालुक्यातली भातगिरण

मी धूर कमी करायला निघालो होतो, एवढं आधीच सांगून ठेवतो. आमच्या सायवन गावात हल्ली माझ्याबद्दल जे काही बोललं जातं, त्यात हा मुद्दा कुणीच घेत नाही.

आमची भातगिरण वडिलांच्या वेळची. पत्र्याची शेड, आत भात सडणारा एक हलर आणि तो फिरवणारं डिझेलचं इंजिन. ते सुरू करायला सुकऱ्याच लागायचा. सुकऱ्या म्हणजे गिरणीवरचा माणूस, वडिलांनी ठेवलेला, वयाने माझ्यापेक्षा मोठा आणि मला मालक मानायला कधीच तयार नसलेला. तो हँडल मारायचा, इंजिनाला चार शिव्या घालायचा, आणि मग इंजिन असा काही काळाकुट्ट धूर सोडायचं की समोरच्या दोरीवरचे आमच्या घरचे कपडे चंद्रिकाला, म्हणजे माझ्या बायकोला, पुन्हा धुवायला घ्यावे लागायचे. मी तेव्हा बोर्डीला शाळेत क्लार्क होतो. शनिवारी घरी येणाऱ्या माणसाला धुराचं फारसं काही वाटत नाही. पण मुदतीआधी निवृत्ती घेऊन मी कायमचा घरी आलो, आणि पहिल्याच आठवड्यात चंद्रिकाने विचारलं की या घरात मी राहू की हे इंजिन. मी इंजिन मोडीत दिलं. निर्णय घ्यायला दोन दिवस लागले हे तिला अजून माहीत नाही.

त्या बदल्यात विजेवर चालणारी नवी गिरण आणली. धूर नाही, डिझेल नाही, आवाज जेमतेम शिलाई मशीन चालल्यासारखा, आणि तांदूळ अख्खा निघणार. होळीच्या माळावर सगळा पाडा जमला होता, तिथेच मी उभा राहून जाहीर करून टाकलं की यंदाचं नवं भात आपल्याच गिरणीत निघणार, कुणी टोपलं घेऊन कासाच्या बाजाराला जायचं नाही. माझ्या आयुष्यात लोकांनी माझ्यासाठी टाळ्या वाजवल्याचा तो एकमेव प्रसंग. बायजीकाकी पुढेच बसली होती. ही माझ्या वडिलांच्या चुलत भावाची बायको, घरात ती आणि तिची नात जमना, दोघीच. काकीचे गुडघे गेलेत. जीपमध्ये चढायचं तर दोघांनी उचलावं लागतं, आणि जीपवाला उचलायचे वेगळे मागतो. ती म्हणाली, पहिलं टोपलं माझं. मी म्हटलं, काकी, तुझंच. हा शब्द मी दिला, आणि त्या दिवसापासून माझी झोप उडाली.

कारण मग मी ती चूक केली. मी विचारलं.

मी जन्मभर क्लार्क. वर विचारल्याशिवाय खडूची पेटी फोडली नाही. गिरण जोडायच्या आधी मी प्रदूषण मंडळाच्या कार्यालयात एक रीतसर अर्ज केला, की जुनं धुराचं इंजिन बंद करून मी बिनधुराचं यंत्र बसवतो आहे, तरी आपली परवानगी असावी. अर्ज वाचून ते मला शाबासकी देतील अशी माझी मनापासून समजूत होती. पत्रात कुठेतरी ‘स्तुत्य’ हा शब्द असेल, इथपर्यंत माझी कल्पना गेली होती.

आता आमचा डहाणू तालुका हा पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील. एक्याण्णव सालापासून तसा सरकारी निर्णयच आहे. इथे कारखान्यांचे रंग असतात. हिरवा रंग बरा, नारंगी संशयित, आणि लाल असेल तर विचारायचंच नाही. माझी गिरण हिरवी असेल असं मला वाटत होतं. कार्यालयातल्या बाईंनी अर्ज दोनदा वाचला आणि अगदी मायेने सांगितलं की तुमची जुनी गिरण निर्णयाच्याही आधीची होती, तिला कसलीच परवानगी लागत नव्हती, ती तशीच जन्मभर चालली असती. पण ती तुम्ही बंद केलीत, आणि तसं स्वतःच लिहून दिलंत. आता ही नवी गिरण म्हणजे नवा उद्योग. नव्या उद्योगाला सगळं पहिल्यापासून.

मी म्हटलं, मॅडम, पण तिचा धूर होता. त्या म्हणाल्या, हो, पण तो जुना धूर होता.

मी अर्जाची पोच मागून घेतली.

गावात ही बातमी मी यायच्या आधी पोचली. शेजारच्या मनिषचं कासाला झेरॉक्सचं दुकान आहे, त्यामुळे प्रत्येक सरकारी कागद आपल्या नजरेखालून जातो असं तो समजतो. त्याचं म्हणणं असं की मी विचारलंच कशाला. गिरण चालू करायची, वर्षभर चालवायची, कुणी आलंच तर चहा पाजायचा. अर्ज करणं म्हणजे झोपलेल्या कुत्र्याच्या कानात जाऊन बोलणं, असं तो चार लोकांत म्हणाला. मी म्हटलं, नियम म्हणून काही असतो की नाही. तर तो म्हणाला, असतो ना, तुझ्यासाठी असतो. त्या दिवसापासून मी त्याच्याकडे झेरॉक्स काढत नाही. तलासरीला जातो.

शेवटी डहाणू रोडला दक्षाबेन सापडल्या. पर्यावरण सल्लागार अशी पाटी आहे, वय माझ्या मुलीएवढं, आणि मला काका म्हणतात. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, काका, टेन्शन नाही घ्यायचं, होऊन जाईल ने. मग त्यांनी जे काय काय लागेल ते सांगायला सुरुवात केली. जागेचा दाखला, पाण्याचा दाखला, झाडं किती, त्यातली गिरणीच्या बाजूला किती, तूस कुठे टाकणार, आवाज किती, धूळ किती. माझ्या शेडमागे सगळा डोंगर जंगलाने भरलेला आहे, तरी मला कडुनिंबाची रोपं विकत आणून लावावी लागली, कारण जंगल माझं नव्हतं. रोपं शेळ्यांनी खाल्ली. पुन्हा आणली. ती माझ्याच शेळ्यांनी खाल्ली.

मध्यंतरी चंद्रिकाचा भाऊ सुरज याने एक तोड काढली. त्याची वेवजीला मोकळी शेड आहे. गिरण तिथे न्या, तालुका तलासरी, डहाणूचा प्रश्नच मिटला. मी टेम्पो ठरवायला निघालो तेव्हा दक्षाबेननी सांगितलं की संवेदनशील तालुक्याच्या भोवतालचा पट्टाही थोडा संवेदनशीलच असतो, वेवजी त्यात येतं. तरी मी शेड बघायला गेलो. शेडच्या मागे बांध, बांधापलीकडे गुजरात, आणि त्या गुजरातमध्ये बांधाला लागूनच एक भलीमोठी गिरण धडाधड चाललेली. तिचं तूस वाऱ्याने उडून सुरजच्या शेडमध्ये येऊन पडत होतं. मी खिशातून रुमाल काढून नाकाला लावला आणि उभा राहिलो. महाराष्ट्रात धूळ करायला मला परवानगी नव्हती, पण खायला कुणाची हरकत नव्हती.

लोकांना वाटतं मी त्या नियमाला शिव्या घालतो. नाही घालत, आणि तेच तर दुःख आहे. रात्री आमच्या टेकडीवरून पश्चिमेला आणि उत्तरेला कारखान्यांचा उजेड दिसतो. मधला काळोखाचा पट्टा आमचा आहे. तो काळोख, त्यातली झाडं, नदीचं पिण्याजोगं पाणी हे त्या नियमाने राखलंय हे मला कळतं. नियम नसता तर माझ्या शेडच्या जागी आज एखादी चिमणी असती आणि मी तिच्या फाटकावर खुर्ची टाकून बसलो असतो. त्यामुळे मनिषसारखं मोकळेपणाने चिडताही येत नाही. ज्याच्यावर राग धरायचा तोच बरोबर आहे, मग माणसाने करायचं काय? समोरच्या डोंगरात मोठ्या रस्त्यासाठी सुरुंग उडतात तेव्हा माझ्या शेडचे पत्रे थरथरतात. पण तो प्रकल्प मोठा आहे, त्याला मोठी परवानगी मिळते. माझं काम लहान, ते मध्येच कुठेतरी अडकतं.

असं करत करत भात निसवलं, कापणीला आलं, आणि दक्षाबेनचा फोन आला. काम झालं होतं. एक दिवसाची चाचणी मंजूर झाली होती. कार्यालयातले साहेब स्वतः येणार, गिरण चालवून बघणार, आवाज आणि धूळ मोजणार, आणि आकडे ठीक आले तर दिवाळीआधी परवानगी. मी चंद्रिकाला हाक मारली आणि आम्ही दोघांनी त्या दिवशी दुपारीच गोड केलं. तारीख मी नंतर विचारली.

तारीख वाघबारशीच्या आधीची होती.

ज्यांना आमच्याकडचं ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्या पाड्यावर नवं खाल्ल्याशिवाय नव्या भाताला कुणी हात लावत नाही. भात कापून खळ्यावर येतं, झोडलं जातं, पण वाघबारशीच्या, म्हणजे वसुबारसेच्या, सुमाराला भगत दिवस सांगतो, देवाला आणि पितरांना नवा दाणा दाखवला जातो, तोपर्यंत ते शिजवायचं नाही, विकायचं नाही आणि गिरणीत तर मुळीच घालायचं नाही. मी क्लार्क असलो तरी याच पाड्यावर जन्मलो, मला वेगळं सांगायची गरज नव्हती. आणि जुनं भात? कापणीच्या तोंडावर आमच्याकडे कुणाच्या कणगीत जुनं भात उरत नाही. सगळे रेशनचा तांदूळ खात असतात.

मी दक्षाबेनना सांगितलं, तारीख पुढे घ्या. त्यांनी विचारून सांगितलं की पुढची तारीख होळीनंतर. मी भगताकडे, काळ्याबाबाकडे गेलो आणि नवं खाणं जरा अलीकडे घेता येईल का ते विचारलं. त्याने माझ्या वडिलांची चौकशी केली, जे वारून बरीच वर्षं झाली आहेत. मी उठलो. तलासरीच्या व्यापाऱ्याला फोन केला, तो हसला, म्हणाला आता नवं यायच्या वेळी जुनं कोण ठेवतो, शेठ. गुजरातेतून चार पोती नवं भात आणू म्हटलं, तर सुकऱ्याने साफ सांगितलं की नवं ते नवं, कुठलंही असो, आणि नवं खाण्याआधी ते या गिरणीत पडलं तर पाड्यातली एक बाई या दारात टोपलं घेऊन येणार नाही. चंद्रिकाने मान डोलावली. मनिषने कुंपणापलीकडून सुचवलं की रेशनचा तांदूळच घाला, तांदळातून तांदूळ काढा. मी त्याच्याशी बोलत नव्हतो, तरी क्षणभर विचार केला.

मग सुकऱ्यालाच सुचलं. शेडमागे पत्र्याखाली मागच्या सालचं तूस पडलं होतं. तुसाला नवंजुनं काही नाही, ते देवालाही नको आणि पितरांनाही नको. साहेबांना गिरण फिरताना बघायची आहे ना, मग तूस घालून फिरवू. मी रात्रभर विचार केला आणि मला त्यात काही खोट दिसली नाही. अर्जात कच्चा माल भात असं लिहिलं होतं खरं, पण तूसही भाताचंच असतं. इतकी वर्षं कागद लिहून माणसाला एवढं तरी जमायला हवं, असं मला वाटलं. आज ते आठवलं की मी भिंतीकडे तोंड करून झोपतो.

साहेब आले ते भले गृहस्थ निघाले. पांढरा शर्ट, सोबत मोजणीचं यंत्र घेतलेला एक सहायक. झाडं बघितली, जी उरली होती ती. शेड बघितली. कोरं यंत्र बघून म्हणाले, छान ठेवलंय. मी बटण दाबलं. गिरण रिकामी फिरू लागली, गोड आवाज, सहायकाने आकडा दाखवला आणि साहेब माझ्याकडे बघून हसले. म्हणाले, अशा गिरण्या असतील तर आम्हाला कामच उरणार नाही. मी अभिमानाने दाराकडे वळून बघितलं. दारात पाड्यातली माणसं उभी होती, बायजीकाकी जमनाच्या खांद्यावर हात ठेवून आली होती. साहेब म्हणाले, आता माल टाका.

मी सुकऱ्याला खुणेने सांगितलं होतं की ओंजळभर टाक. पण एवढी माणसं बघून त्याला स्फुरण चढलं. त्याने आख्खं टोपलं ओतलं.

वर्षभर वाळलेलं तूस बारीक भरडून बाहेर फेकलं गेलं तर काय होतं, हे मी आधी कधी बघितलं नव्हतं, कारण शहाणा माणूस ते करत नाही. एकदम शेड भरली. मला माझा हात दिसेना. सहायक खोकत बाहेर पळाला, यंत्र मात्र आत राहिलं आणि इमानदारीने मोजत राहिलं. साहेब दिसत नव्हते. आतून फक्त त्यांचा आवाज येत होता, बंद करा म्हणून, आणि सुकऱ्याला ते ‘अजून घाला’ असं वाटावं असा गोंधळ चालला होता. मी चाचपडत जाऊन बटण बंद केलं. धूळ खाली बसायला बराच वेळ लागला. साहेबांच्या भुवयांवर, शर्टावर, कानांत सगळीकडे तूस होतं. चंद्रिकाने तांब्याभर पाणी पुढे केलं, त्यांनी ते डोळ्यांवर मारलं.

मग त्यांनी खाली वाकून भरड हातात घेतली, चोळली, आणि विचारलं, “यात भात कुठे आहे?”

मी सांगितलं. नवं खाणं सांगितलं, वाघबारस सांगितली, रेशनचा तांदूळ सांगितला, होळीनंतरची तारीख सांगितली. मी थांबलो तेव्हा ते म्हणाले, “तुम्ही सांगताय ते मला पटतं. पण हे मी लिहू कुठे?”

त्यांच्याकडे खरंच त्यासाठी जागा नव्हती. यंत्राने दाखवलेला आकडा लिहायला मात्र होती. परवानगी मिळेपर्यंत गिरण चालू होऊ नये म्हणून त्यांनी मेन स्विचला कागद चिकटवून सही केली, चहाही घेतला, आणि जाताना मला म्हणाले की मन खट्टू करू नका. पुढे कळलं की माझी गिरण आता हिरवी राहिलेली नाही. त्या धुळीमुळे नारंगीचा विचार चालू आहे, धूळ गोळा करणारं यंत्र बसवा, मग पुन्हा पहिल्यापासून अर्ज करा. मला आयुष्यात लोकांनी बरंच काही म्हटलं, पण नारंगी कुणी म्हटलं नव्हतं. दक्षाबेन फोनवर म्हणाल्या, काका, एक फोन करायचा ने मला. त्यांचा आवाज ऐकून मला पहिल्यांदा वाटलं की त्यांनाही टेन्शन आलंय.

वाघबारस झाली. काळ्याबाबाने दिवस सांगितला, देवापुढे नवा दाणा गेला, पितरांना गेला. आमच्या घरीही झालं. दुसऱ्या सकाळी दार उघडलं तर शेडसमोर बायजीकाकी बसली होती. पुढ्यात सूप झाकलेलं टोपलं, बाजूला जमना. मागे सुषमावहिनी, लाडकी, आणखी तीनचार बाया, सगळ्या आपापली टोपली घेऊन. काकी उजाडायच्या आत येऊन बसली होती, पहिला नंबर जाऊ नये म्हणून.

मी म्हटलं, काकी, गिरण बंद आहे.

“बंद कशी? वीज तं हाये,” ती म्हणाली.

मी स्विचवरचा कागद दाखवला. तिला वाचता येत नाही, पण सही म्हणजे काय ते समजतं. मागून लाडकीने मला ऐकू येईल एवढ्या आवाजात विचारलं की कागद फाडला तर साहेबाला कोण सांगायला जाणार आहे. मनिष कुंपणाशी उभाच होता, तोही हेच म्हणाला. सगळ्यांची नजर माझ्यावर होती. एक कागद, थोडी खळ. नुसतं नख लावलं असतं तरी निघाला असता. मी हात वर नेलासुद्धा. पण नाही जमलं मला. मी हात खाली घेतला आणि मला तिथेच रडू आलं, सगळ्यांसमोर, चंद्रिकासमोरही.

काकीने टोपल्यावरचं सूप उचलून बाजूला ठेवलं. मग म्हणाली, “तुझा बाप कोणाला विचारत नव्हता रं. आमी त्याला लय नावं ठेवायचो.”

तिने जमनाला घरी पिटाळलं. जमना आणि सुषमावहिनीचा पोरगा मिळून उखळ आणि मुसळ घेऊन आले. काकीने ते माझ्या शेडमध्येच मांडायला सांगितलं, कारण लादी नवी होती आणि दाणा सांडला तर दिसला असता. उखळात तिने टोपल्यातलं भात ओतलं आणि मुसळ माझ्या हातात दिलं. म्हणाली, शब्द तू दिलतास, मग कांड.

मी कांडायला लागलो. यंत्र शेजारीच उभं होतं, प्लास्टिकमध्ये. बोर्डीला मी टाइपरायटर चालवला, मग संगणक चालवला, मुसळ कधी चालवलं नव्हतं. काकी सांगत होती, उंच उचल, सरळ पाड, बाजूला नको. सुकऱ्या दारात उभा राहून बघत होता, आणि ते फार वाईट होतं. चंद्रिका सूप घेऊन पाखडायला बसली. तूस उडत होतं, तिच्या केसांवर बसत होतं, आणि त्याला कुणाची परवानगी लागत नव्हती. थोड्या वेळाने तळहाताला फोड आला, मग फुटला. काकीने पदराचा तुकडा फाडून बांधला आणि पुन्हा मुसळ हातात दिलं.

तिचं टोपलं निघेपर्यंत ऊन पत्र्यावर चढलं होतं. तांदूळ बरेचसे तुटले होते. काकीने मूठभर उचलून डोळ्यांजवळ नेले, पुन्हा टोपल्यात टाकले, आणि जमनाचा हात धरून उठली. मी मुसळ भिंतीला टेकवून बसणार होतो. तेवढ्यात लाडकीने आपलं टोपलं पुढे सरकवलं आणि विचारलं, दादा, आता माझं का सुषमाचं.